आपला गवई कसा सापडतो? ख्याल ऐकू लागलेल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी महिन्यातून एकदा ऐकण्याची बैठक असते. दहा-बारा माणसं येतात, सतरंजीवर बसतात, कुणीतरी एक ध्वनिमुद्रण निवडून आणतं आणि सगळे ते शेवटपर्यंत ऐकतात. नवीन येणाऱ्यांचे प्रश्न घरी पोचल्यावर फोनवर येऊ लागतात. गेल्या काही वर्षांत तेच ते प्रश्न इतक्या जणांनी विचारले की उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत असं वाटलं. इथे बहुतेक ख्यालगायनाबद्दल आहे, कारण मला त्यातलंच थोडंफार कळतं.

१. मला रागही ओळखता येत नाहीत. तरी माझा कुणी ‘आवडता’ गायक असू शकतो का?

असू शकतो. भीमसेन जोशींचंच उदाहरण घ्या. गदगला लहानपणी त्यांच्या कानावर अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ‘पिया बिन नाही आवत चैन’ ही तबकडी पडली. व्याकरण त्या वयात कुठून ठाऊक असणार? पण असं गायला शिकायचं, एवढं त्या मुलानं पक्कं केलं आणि १९३३ साली, अकराव्या वर्षी, घर सोडलं. ग्वाल्हेर, जालंधर असा गुरूच्या शोधात तो फिरला. जालंधरला विनायकबुवा पटवर्धनांनी त्याला सवाई गंधर्वांकडे जायला सांगितलं. ते तर घराजवळच, कुंदगोळला होते, आणि ज्यांच्या तबकडीनं हे सगळं सुरू झालं त्या खाँसाहेबांचेच शिष्य होते.

यात आधी आला आवाज. राग, ताल, घराणं (गुरुपरंपरेतून आलेली गायकी) हे सगळं मागून आलं. तुमच्या बाबतीतही तोच क्रम राहू द्या. एखादा आवाज ऐकून हातातलं काम थांबलं, तर तेवढी खूण पुरेशी आहे.

२. सुरुवात नेमकी कुणापासून करू?

माझं मत विचाराल तर गायकापेक्षा लांबी बघून सुरुवात करा. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावत. तेवढ्यात गवयाला रागाचं तोंड दाखवायचं, बंदिश (रागात बांधलेलं गीत) मांडायची, ताना (स्वरांच्या वेगवान ओळी) घ्यायच्या आणि सम (तालाची पहिली मात्रा) गाठून संपवायचं असे. पसरायला जागाच नसल्यानं प्रत्येकाचा पिंड त्यात लगेच दिसतो. अब्दुल करीम खाँ, केसरबाई केरकर, हिराबाई बडोदेकर आणि द. वि. पलुसकर यांच्या अशा छोट्या ध्वनिमुद्रणांवर आठवडाभर राहा. रोज दोनच ऐका, पण तीच दोन पुन्हा ऐका. दहा गायकांचं एकेकदा ऐकण्यापेक्षा एकाचं दहादा ऐकण्यातून जास्त सापडतं, असा माझा अनुभव आहे.

३. मोठा ख्याल ऐकताना पंधराव्या मिनिटाला लक्ष उडतं. माझं काय चुकतंय?

तुमचं काही चुकत नाही, तुम्हाला धरायला काठी हवी आहे. ती काठी म्हणजे सम.

विलंबित एकताल १२ मात्रांचा. पण लय इतकी संथ असते की एका आवर्तनाला, म्हणजे तालाच्या एका फेरीला, जवळजवळ मिनिटभर लागू शकतं. नवख्या कानाला त्यात ताल चालू असल्याचंच जाणवत नाही. नुसताच सूर लांबतोय असं वाटतं. म्हणून सुरुवातीला गाण्याकडे थोडं दुर्लक्ष करून तबल्याचा ठेका ऐका. बंदिशीचा मुखडा, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी सुरुवातीची ओळ, येतो आणि एका अक्षरावर गवई आणि तबलजी एकत्र उतरतात, ती जागा हेरा. दोन-तीन आवर्तनांत ती आधीच कळू लागते. मग मजा अशी होते की गवई आलापात कितीही लांब गेला तरी तुम्ही मनातल्या मनात त्याच्या परतण्याची वाट पाहत असता. तो मुखडा पकडून बरोबर समेवर आला की तोंडातून आपोआप ‘वा’ निघतं. ज्या दिवशी तो ‘वा’ कुणी न सांगता निघतो, त्या दिवसापासून कंटाळ्याची तक्रार बंद होते.

एक सावधगिरी. उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या अतिविलंबित झुमऱ्यानं, म्हणजे १४ मात्रांच्या त्या संथ डोहानं, कृपा करून सुरुवात करू नका. त्यांच्यावर माझा फार जीव आहे, म्हणूनच सांगतो. चार महिने थांबून त्यांच्याकडे जा, मग ते कायमचे तुमचे होतील. तोवर मध्यलयीतल्या बंदिशी ऐका. जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायकांचं मध्यलय तीनतालातलं गाणं यासाठी उत्तम. त्यात सोळा मात्रांचं चक्र सहज हाताशी राहतं.

४. ऐकतो पुष्कळ, पण मला नक्की काय आवडतं तेच सांगता येत नाही. ते कसं शोधायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून उत्तर लांबणार आहे.

एक राग घ्या आणि तो पाच गळ्यांतून ऐका. यमन घ्या, कारण तो बहुतेक सगळ्यांनी गायलाय आणि आपल्या कानाला भावगीतांमुळे, प्रार्थनांमुळे त्याची ओळख असते. भीमसेन जोशी, कुमार गंधर्व, किशोरी आमोणकर, अमीर खाँ आणि मल्लिकार्जुन मन्सूर. एका आठवड्याला एक, असे पाच आठवडे. मध्ये दुसरं काही ऐकू नका.

राग तोच, तोच तीव्र मध्यम, बहुतेकदा सुरुवातही त्याच ‘नि रे ग’नं. तरी पाच वेगळी माणसं समोर बसल्यासारखी वाटतील. भीमसेनजींचा दमसास आणि आवाजाची फेक अशी की खोलीच्या भिंती मागे सरकतात. तार षड्जाकडे, म्हणजे वरच्या ‘सा’कडे, ते तुम्हाला पायरीपायरीनं नेतात आणि तिथे पोचल्यावर सोडत नाहीत. अमीर खाँ खर्जात उतरून स्वतःशी बोलावं तसं गातात, तुम्ही तिथे आहात की नाही याची त्यांना फिकीर नसते. किशोरीताई गंधाराला हात लावतात तो एखाद्या झोपलेल्या मुलाला लावावा तसा. एका स्वराकडून दुसऱ्याकडे जाताना मधली सगळी वाट त्या मिंडेत दाखवतात. कुमारजी एकदम सूर फेकतात, थांबतात, आणि त्या थांबण्यातही राग चालू राहतो. मन्सूर आल्या पावली बंदिशीला भिडतात, बोल आणि ताना एकमेकांत गुंफत जातात आणि पुढे काय येणार याचा अंदाज लागू देत नाहीत.

आता स्वतःला विचारा, यातल्या कुणाचा यमन दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना, बसची वाट पाहताना मनात वाजत होता? ‘सगळ्यात चांगला कोण’ हा प्रश्न इथे कामाचा नाही. त्याचं उत्तर द्यायला आयुष्यभराचा अभ्यास लागतो आणि ते मिळूनही हाती काही लागत नाही. मनात कोण वाजलं हे मात्र आज रात्री कळू शकतं.

ते कळलं की एक पाऊल पुढे जाऊन ‘का’ विचारा. आवाजाचा पोत आवडला, की स्वर लावण्याची रीत, की लयीशी चाललेला खेळ, की शब्दांचा उच्चार? आमच्या बैठकीतल्या एका आजोबांना पंचवीस वर्षं वाटत होतं की आपल्याला भारदस्त, भरदार आवाज आवडतात. हा प्रयोग केल्यावर कळलं की त्यांना ओढत होती ती लय. त्यानंतर त्यांनी मालिनी राजूरकरांचा टप्पा (झपाझप तानांचा गानप्रकार) ऐकला आणि दोन दिवस दुसरं काही बोलले नाहीत.

५. घराणी समजून घ्यायलाच हवीत का?

प्रेमात पडायला नकोत. पडल्यावर पुढची वाट शोधायला फार उपयोगी. किशोरीताई आवडल्या तर त्यांच्या आई मोगूबाई कुर्डीकर ऐकाव्यात, आणि मोगूबाईंचे गुरू अल्लादिया खाँ यांच्याच तालमीतल्या केसरबाई. मन्सूर शिकले ते खाँसाहेबांच्या मुलांकडे, मंजी खाँ आणि बुर्जी खाँ यांच्याकडे. म्हणजे एक नाव आवडलं की नात्यागोत्यातली चार घरं उघडतात. पण घराण्याच्या चौकटीत कुणी पूर्ण मावत नाही. किशोरीताईंनी जयपूरच्या गायकीत आलापाला जे स्थान दिलं, त्यावर रसिकांत कितीतरी वाद झाले आणि अजून होतात.

६. ज्यांना सगळे देव मानतात, तेच मला अजिबात आवडत नाहीत. हे बोलायचीही चोरी वाटते.

बोला. आमच्याकडे मोकळेपणानं बोलतात.

माझंच सांगतो. मल्लिकार्जुन मन्सूर पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी विशीत होतो आणि किराणा घराण्याच्या संथ बढतीवर, म्हणजे राग सावकाश उलगडत नेण्यावर, वाढलो होतो. मन्सूरांनी रागाची ओळख करून द्यायच्या आधीच बंदिश सुरू केली, श्वास घ्यायला उसंत नाही, आणि रागही असा अनवट की नाव माहीत नाही. मी दहा मिनिटांत कॅसेट काढली आणि पुढची चार वर्षं लावली नाही.

मग एका पावसाळ्यात वीज वारंवार जायची, आणि बॅटरीवरच्या रेडिओवर त्यांचं गाणं लागलं. दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून अंधारात पूर्ण ऐकलं. त्या दिवशी कळलं की मी ज्याला घाई म्हणत होतो ती घाई नव्हती. मुखड्यापासून समेपर्यंत ते एक सलग विचार मांडत होते आणि मी तो मध्येच तोडून बघत होतो. तेव्हापासून आजतागायत माझ्या सगळ्यात जवळचे गवई तेच आहेत.

म्हणून माझा नियम असा: नावडलेलं टाकून देऊ नका, बाजूला ठेवा. वर्ष-दोन वर्षांनी एकदा पुन्हा लावा. तेव्हाही नाही आवडलं तर नाही आवडलं. आदर वेगळा आणि जीव जडणं वेगळं. मात्र ‘मला आवडत नाही’ आणि ‘ते चांगलं नाही’ ही दोन वाक्यं कधी एक करू नका.

७. मला ख्याल नको, फक्त अभंग आणि नाट्यसंगीत आवडतं. मग मी खरा रसिक नाही का?

का नाही? जितेंद्र अभिषेकींनी १९६४ पासून संगीत नाटकांच्या चालींना जे नवं वळण दिलं, त्यात त्यांची सगळी ख्यालाची तालीम उतरली आहे. १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये वसंतराव देशपांड्यांनी रंगवलेले खाँसाहेब ऐकून किती घरांत गाणं शिरलं! भीमसेनजींची अभंगवाणी ऐकत मोठी झालेली पिढीच्या पिढी महाराष्ट्रात आहे. याला कुणी पायरी म्हणालं तर मला राग येतो. ते एक पूर्ण घर आहे, तिथेच राहिलात तरी काही कमी नाही.

पुढे जायची इच्छा झालीच तर आपल्या आवडत्या अभंगाचा राग शोधा आणि त्याच गायकाचा त्याच रागातला छोटा ख्याल ऐका. ओळखीचा आवाज, ओळखीचे सूर. बाकी प्रश्न ३ प्रमाणे.

८. माझे आवडते गायक माझ्या जन्माआधीच गेले. ज्यांना कधी समोर पाहिलं नाही त्यांच्यावरचं प्रेम खरं म्हणायचं का?

केसरबाई केरकरांचा जन्म गोव्यातल्या केरी गावचा. त्या १९७७ साली गेल्या. त्याच वर्षी व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याची तबकडी अवकाशात पाठवली, तिच्यावर त्यांची भैरवीतली ‘जात कहाँ हो’ आहे. साडेतीन मिनिटांचं ते गाणं आज सूर्यमालेपलीकडे चाललंय, कधी कुणी ऐकेल या भरवशावर. मग तुम्ही तर त्यांच्याच देशात, त्यांच्याच भाषेच्या शेजारी जन्मलात.

समोर बसून ऐकण्यात वेगळं काही असतं हे खरं. त्यासाठी आज गाणारे आहेत (प्रश्न ११ पाहा). पण जुन्यांच्या गावी जाता येतं. मिरजेला अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे, आणि दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ तिथे गाणं होतं. त्याच गावात तानपुरे बनवणाऱ्यांची आळी आहे. भोपळा पोखरताना, जवारी लावताना (तारेची गुंज जुळवताना) कारागीर बघा. घरी येऊन तबकडी लावली की मागचा तानपुरा वेगळा ऐकू येतो.

९. काही थोर गवयांचं एकही ध्वनिमुद्रण नाही. त्यांच्या प्रेमात कसं पडणार?

अल्लादिया खाँ आणि भास्करबुवा बखले हे याचे मोठे दाखले. यांचं गाणं आपल्यापर्यंत पोचतं ते शिष्यांच्या गळ्यातून. केसरबाई आणि मोगूबाई दोघींनाही लागोपाठ ऐका; दोघींत जे सारखं आहे ते बहुधा गुरूंचं, जे वेगळं ते त्यांचं स्वतःचं. याला पुरावा म्हणता येणार नाही, पण अशा ऐकण्यात मला फार आनंद मिळतो.

१०. एकाच गायकाच्या दोन ध्वनिमुद्रणांत आवाज इतका वेगळा कसा? आणि मी कोणता खरा धरू?

दोन्ही. गंगूबाई हनगलांच्या ऐन तारुण्यातल्या तबकड्या ऐकल्यात तर बारीक, कोवळा, बायकी गळा ऐकू येतो. पुढे घशाची शस्त्रक्रिया झाली आणि आवाज खाली उतरला. आज आपण ज्या खणखणीत, जवळजवळ पुरुषी आवाजाला गंगूबाई म्हणून ओळखतो तो हा नंतरचा. त्यांनी त्या बदललेल्या गळ्याशी जुळवून घेतलं आणि त्याच गळ्यानं नाव कमावलं.

कुमारजींची गोष्ट याहून कठीण. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवणारा हा मुलगा पुढे क्षयानं आजारी पडला. १९४८ साली हवापालटासाठी ते देवासला गेले. एक फुफ्फुस निकामी झालं. पाच-सहा वर्षं गाणं बंद, नुसतं अंथरुणावर पडून राहायचं. त्या काळात आसपासच्या माळव्यातल्या बायकांची लोकगीतं कानावर पडत राहिली. १९५३ मध्ये ते पुन्हा गायला बसले ते वेगळंच गाणं घेऊन. छोटे छोटे सुटे स्वरसमूह, मधली शांतता, लोकधुनांतून उगवलेले राग, पुढे निर्गुणी भजनं. त्यांच्या त्या तुकड्यातुकड्यांच्या गाण्याला कुणी श्वासाची मर्यादा म्हणतं. मला ते अपुरं वाटतं. श्वास कमी असलेली माणसं पुष्कळ असतात, त्या शांततेतून राग उभा करणारा हा एकच.

उतारवयातलं गाणंही टाळू नका. आवाज थकलेला असतो, तार सप्तक कधी पोचत नाही, पण कुठे काय सोडून द्यायचं हे त्या वयात जसं कळतं तसं तरुणपणी कळत नाही. फक्त ओळख तिथून करून घेऊ नका.

११. आजचे गायक ऐकताना सतत वाटतं, ‘जुन्यांची सर नाही’. काय करू?

तुलना घरी ठेवून जा. जुन्यांची ध्वनिमुद्रणं काळानं निवडून दिलेली आहेत, आजचं गाणं निवडायचं काम तुमचं. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ भीमसेनजींनी १९५३ साली पुण्यात सुरू केलेल्या महोत्सवात डिसेंबरात नवी नावं असतात. कोल्हापूरला देवल क्लब आहे, पणजीला केसरबाईंच्या नावाचा समारोह होतो. पण माझा आग्रह छोट्या बैठकीचा: शंभर माणसं, शक्यतो ध्वनिक्षेपक कमी, गवई दहा फुटांवर. तिथे एखादी जागा निघते आणि गाणाऱ्याच्या चेहऱ्यावर तिचं आश्चर्य उमटतं. ते कुठल्याही ध्वनिमुद्रणात नाही.

१२. मैफलीत फोनवर गाणं टिपून ठेवलं तर चालेल का?

परवानगीशिवाय नाही. गाणं त्यांचं, त्या रात्रीचं आवाज न लागणंही त्यांचंच. शिवाय फोन उचललात की कान बंद होतात.

१३. ज्यांचं गाणं जिवापाड आवडतं, त्यांचं वागणं खटकलं तर?

आधी पाहा, खटकलं ते काय. पुष्कळदा ज्याला लहरीपणा म्हणतात ती गाण्यासाठीची निष्ठा असते. किशोरीताईंना मैफलीत कुजबुज, ये-जा खपत नसे, आणि त्याबद्दल लोक अजून कुरकुरतात. मी म्हणतो, सुराच्या इतक्या बारीक जागेवर काम करणाऱ्या बाईनं शांतता मागावी यात गैर काय?

पण कुणाच्या वागण्यानं दुसऱ्या माणसाचं खरोखर नुकसान झालं असेल तर ते गाण्याच्या पांघरुणाखाली झाकू नये. मला एकदा असा अनुभव आला. ते गाणं मी अजून ऐकतो का? काही वर्षं नाही ऐकलं. आता कधीतरी ऐकतो, आणि जे घडलं ते विसरत नाही. तुमचा निर्णय वेगळा असू शकतो. तो तुमचा तुम्ही घ्यायचा आहे.

१४. वर्षभर एकाच गायिकेचं ऐकलं, आता लावावंसंच वाटत नाही. प्रेम संपलं का?

कान भरलेत. दोन-तीन महिने वाद्यसंगीत ऐका, सतार किंवा सारंगी, आणि मग परत या. न आलात तर प्रश्न ४ मधला प्रयोग नव्यानं करा. माणूस बदलतो तशी त्याची ओढही बदलते.

१५. माझ्या आवडत्या गायकाचं उपलब्ध होतं ते सगळं ऐकून संपलं. आता?

हा प्रश्न पलुसकरांच्या एका चाहतीचा होता, आणि तिचं दुःख मला पोचलं. द. वि. पलुसकर १९५५ साली गेले तेव्हा अवघे चौतीस वर्षांचे होते. एवढ्या कमी वर्षांत जे नोंदलं गेलं तेवढंच आपल्याकडे आहे.

उलट दिशेनं चालायला लागा. वडील विष्णु दिगंबर गेले तेव्हा पलुसकर दहा वर्षांचे होते. पुढची तालीम झाली ती विनायकबुवा पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांच्याकडे. त्या दोघांच्या तबकड्या ऐका. पलुसकरांच्या गळ्यातली एखादी तान तिथे सापडेल, जरा जाड, जरा वेगळ्या घडणीची, आणि त्यांनी तिचं काय केलं ते कळेल.

आणखी एक गोष्ट मी स्वतः करतो. मन्सूरांचं एक ध्वनिमुद्रण माझ्याकडे आहे, तासाभराचं, एका मित्रानं दिलेलं. राग कोणता ते डब्यावर लिहिलंय. ते मी अजून लावलेलं नाही.